हेडरची किंमत

१९ जानेवारी २००२ रोजी इंग्लंडचे माजी फुटबॉलपटू जेफ ॲस्टल यांचे निधन झाले. वय अवघे ५९. वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या क्लबचे ते सेंटर फॉरवर्ड. १९६८च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात एव्हर्टनविरुद्ध जादा वेळेत झालेला एकमेव गोल त्यांचा. १९६९-७०च्या हंगामात इंग्लंडच्या पहिल्या विभागात सर्वाधिक गोल त्यांनीच केले आणि १९७०च्या मेक्सिको विश्वचषकात ते इंग्लंडकडून खेळले. प्रेक्षकांच्या मनात मात्र त्यांची एकच प्रतिमा होती. बचावपटूंच्या गर्दीत उंच उडी घेऊन डोक्याने चेंडू जाळ्यात धाडणारा खेळाडू. पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास त्यांची स्मृती ढासळू लागली. अखेरच्या काळात, आपण कधी काळी फुटबॉल खेळत होतो हेदेखील त्यांना आठवत नव्हते, असे त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितले आहे.

एखाद्या नामवंत खेळाडूची अशी अखेर झाली की काही दिवस हळहळ होते आणि विषय संपतो. ॲस्टल यांच्याबाबतीत तो संपला नाही. याचे कारण नोव्हेंबर २००२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने काढलेला निष्कर्ष. अनैसर्गिक किंवा संशयास्पद मृत्यूचे कारण ठरवणारे कॉरोनरचे न्यायालय पूर्वी मुंबईतही होते. इंग्लंडमध्ये ते आजही आहे. ॲस्टल यांच्या शवविच्छेदनात मेंदूला झालेली इजा दिसली होती आणि वर्षानुवर्षे डोक्याने चेंडू मारल्यामुळे ती झाली असावी, अशी साक्ष तज्ज्ञाने दिली होती. ती ग्राह्य धरून कॉरोनरने मृत्यूचे कारण नोंदवले : औद्योगिक आजार. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने कामगाराची छाती निकामी होते, दगडखाणीतल्या धुळीने सिलिकोसिस जडतो. त्याच रांगेत आता फुटबॉलपटूच्या मेंदूचा विकार येऊन बसला.

या दोन शब्दांनी प्रश्नाचे स्वरूपच बदलायला हवे होते. आजार नशिबाने आला असेल तर कोणी उत्तर देण्याची गरज नसते. तो कामामुळे आला असेल तर काम देणाऱ्याने उत्तर द्यावे लागते. धोका किती, कोणाला, तो कमी कसा करायचा, हे शोधणे ही त्याची जबाबदारी ठरते. प्रत्यक्षात काय झाले? फुटबॉलच्या संघटनांनी त्या सुमारास तरुण खेळाडूंवर सुरू केलेला अभ्यास ठोस निष्कर्षापर्यंत पोहोचलाच नाही. ॲस्टल यांच्या पत्नी आणि मुलींना उत्तरांसाठी वर्षानुवर्षे दारे ठोठावावी लागली. २०१४ मध्ये ग्लासगोचे मज्जाविकृतितज्ज्ञ विली स्टुअर्ट यांनी ॲस्टल यांच्या जपून ठेवलेल्या मेंदूची पुन्हा तपासणी केली आणि निदान स्पष्ट झाले. ॲस्टल यांना 'क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी' अर्थात सीटीई हा विकार होता. मधल्या १२ वर्षांत किती मुले मैदानात उतरली आणि सरावात हजारो वेळा डोक्याने चेंडू मारत राहिली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

सीटीई म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी कवटीच्या आत पाहावे लागेल. मेंदू हा कवटीत घट्ट बसवलेला नसतो. मऊ, खव्यासारखा हा अवयव एका द्रवात तरंगत असतो. डोक्याला जोराचा धक्का बसतो किंवा डोके झटक्यात वळते, तेव्हा कवटी थांबते पण मेंदू आत हलत, पिळवटत राहतो. या पिळवटण्यात मज्जापेशींचे लांबलचक तंतू ताणले जातात. या तंतूंना आतून आधार देणाऱ्या रचनेत 'टाउ' नावाचे प्रथिन असते. इजा झाली की ते सुटते, त्याच्या गाठी बनतात आणि मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती त्या साचू लागतात. खेळ थांबल्यावरही ही प्रक्रिया थांबतेच असे नाही. म्हणूनच खेळाडू निवृत्त होऊन १५-२० वर्षे लोटल्यावर चिडचिड, नैराश्य, विसराळूपणा, निर्णय घेताना होणारा गोंधळ आणि अखेरीस स्मृतिभ्रंश असा प्रवास सुरू होऊ शकतो. मेंदूतील या खुणा सूक्ष्मदर्शकाखालीच दिसत असल्याने आजही सीटीईचे खात्रीशीर निदान मृत्यूनंतरच होते.

यासाठी बेशुद्ध पडण्याइतका मार बसावा लागतो, हा समज चुकीचा आहे. चक्कर नाही, डोळ्यांपुढे अंधारी नाही, खेळाडू उठून पुढे धावतोही, अशा लहान लहान धक्क्यांची बेरीजही घातक ठरू शकते, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये एक साधा प्रयोग केला. १९ फुटबॉलपटूंना यंत्रातून, कॉर्नर किकच्या वेगाने येणारा चेंडू २० वेळा डोक्याने मारायला लावला. त्यानंतर लगेच घेतलेल्या स्मरणशक्तीच्या चाचणीत त्यांची कामगिरी ४१ ते ६७ टक्क्यांनी घसरली. २४ तासांत ती पूर्ववत झाली. एका सत्राचा परिणाम एका दिवसात पुसला गेला, ही दिलाशाची बाब. पण दिवसाआड, वर्षानुवर्षे अशीच सत्रे झाली तर काय, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराचे परिणाम वैद्यकाला नवे नाहीत. १९२८ मध्ये अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलंड यांनी बॉक्सरांमध्ये दिसणारी लक्षणे नोंदवली होती. हे बॉक्सर दारू प्यायल्यासारखे लडखडत चालत, त्यांचे बोलणे जड होई, विचार मंदावत. ठोसे खाणे हाच ज्या खेळाचा भाग, त्यात असे होणारच, असे म्हणून बाकीच्या खेळांनी स्वतःला या चर्चेबाहेर ठेवले. ही सोयीस्कर समजूत मोडली ती अमेरिकेत, आणि योगायोगाने ॲस्टल यांच्या मृत्यूच्याच वर्षी. अमेरिकी फुटबॉल हा आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून सर्वस्वी वेगळा खेळ. त्यात हेल्मेट घातलेले धिप्पाड खेळाडू एकमेकांवर आदळतात. पिट्सबर्ग स्टीलर्सकडून चार वेळा सुपर बोल जिंकणारे माइक वेब्स्टर सप्टेंबर २००२ मध्ये, वयाच्या पन्नाशीत वारले. मृत्यूपूर्वीची त्यांची वर्षे विपन्नावस्थेत आणि मानसिक गोंधळात गेली होती. मूळचे नायजेरियाचे असलेले डॉ. बेनेट ओमालू यांनी त्यांच्या मेंदूचे शवविच्छेदन केले. बाहेरून मेंदू धडधाकट दिसत होता; सूक्ष्मदर्शकाखाली मात्र टाउच्या गाठी सापडल्या.

ओमालू यांनी २००५ मध्ये हा शोधनिबंध प्रसिद्ध केला, तेव्हा नॅशनल फुटबॉल लीगने नेमलेल्या समितीतील डॉक्टरांनी तो मागे घेण्याची मागणी केली. निबंध मागे घेतला गेला नाही. पुढे हजारो माजी खेळाडूंनी लीगवर खटले भरले आणि २०१५ मध्ये न्यायालयाने मोठ्या भरपाईची तडजोड मंजूर केली. सीटीईचा या खेळाशी संबंध असल्याचे लीगच्या अधिकाऱ्याने जाहीरपणे मान्य केले ते २०१६ मध्ये. पुढच्याच वर्षी बोस्टन विद्यापीठातील ॲन मॅकी यांच्या गटाने तपासलेल्या, या लीगमध्ये खेळलेल्या १११ जणांच्या मेंदूंपैकी ११० मेंदूंमध्ये सीटीई आढळला. हा आकडा वाचताना एक सावधगिरी हवी. हे मेंदू दान करणारे बहुतेक जण लक्षणे दिसल्यामुळेच पुढे आलेले होते. म्हणून सर्व खेळाडूंपैकी ९९ टक्क्यांना हा विकार होतो, असा अर्थ त्यातून निघत नाही. या प्रकरणाने आणखी एक गोष्ट शिकवली. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवते, आतल्या मेंदूचे हलणे ते थांबवू शकत नाही.

मग हेल्मेटविना, डोक्याने चेंडू मारण्याच्या आपल्या परिचयाच्या फुटबॉलचे काय? याचे पहिले भक्कम उत्तर २०१९ मध्ये स्टुअर्ट आणि त्यांच्या ग्लासगोतील सहकाऱ्यांनी दिले. मेंदू दान करणाऱ्या मोजक्यांवर विसंबण्याऐवजी त्यांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या आरोग्यनोंदी घेतल्या आणि वय व आर्थिक स्थिती मिळतीजुळती असलेल्या सुमारे २३ हजार सामान्य पुरुषांच्या नोंदींशी त्या ताडून पाहिल्या. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू येण्याचे प्रमाण फुटबॉलपटूंमध्ये सुमारे साडेतीन पट निघाले. अल्झायमरमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण पाच पट, मोटर न्यूरॉन आजारामुळे होणाऱ्यांचे चार पट आणि पार्किन्सनमुळे होणाऱ्यांचे दुप्पट.

२०२१ मध्ये याच गटाने केलेले विश्लेषण अधिक बोलके होते. खेळाडू कोणत्या जागी खेळत होता, याप्रमाणे त्यांनी वर्गवारी केली. गोलरक्षकांमध्ये धोका ठळकपणे वाढलेला दिसला नाही. बचावपटूंमध्ये, म्हणजे उंच आलेला चेंडू डोक्याने परतवणे हेच ज्यांचे रोजचे काम त्यांच्यात, तो सुमारे पाच पट होता. जितकी कारकीर्द लांब, तितका धोका अधिक. गोलरक्षकही त्याच संघात असतो, तोच प्रवास करतो, तसेच जेवतो, तितकाच पैसा आणि ताण अनुभवतो. चेंडू मात्र तो हाताने पकडतो. बोट हेडरकडे वळते ते या फरकामुळे.

यावर नेहमीचा बचाव असतो तो जुन्या चामड्याच्या चेंडूचा. तो पावसात पाणी पिऊन जड होई, आताचा चेंडू हलका राहतो, म्हणून हा प्रश्न आजोबांच्या पिढीचा, असे सांगितले जाते. पण कोरड्या चेंडूचे वजन तेव्हाही ४१० ते ४५० ग्रॅमच्या घरात होते आणि आजही तेवढेच आहे. ओला चेंडू जड होता तसा मंदही होता. आजचा चेंडू भिजत नाही, पण कितीतरी वेगाने येतो. डोक्याला बसणारा धक्का वजन आणि वेग या दोहोंवर ठरतो. शिवाय स्कॉटलंडच्या अभ्यासात खेळाडू कोणत्या दशकात खेळले यावरून धोक्यात फारसा फरक पडलेला नव्हता. आजच्या पिढीचा निकाल कळायला आणखी ३० वर्षे लागतील, हे खरे. तोपर्यंत वाट पाहणे म्हणजे त्या पिढीवरच प्रयोग करणे होय.

दुसरी बाजूही मांडायला हवी. त्याच स्कॉटिश अभ्यासात सत्तरीपर्यंत माजी फुटबॉलपटूंचा एकूण मृत्युदर सामान्य पुरुषांपेक्षा कमी होता. हृदयविकार आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणारे त्यांच्यात कमी होते. धावण्याचा, दम वाढवण्याचा हा लाभ खराच आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात सर्वोच्च स्तरावर खेळलेल्या सहा हजारांहून अधिक फुटबॉलपटूंमध्ये मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांचा धोका दीडपटच निघाला आणि मोटर न्यूरॉन आजाराचा धोका वाढलेला आढळला नाही. म्हणजे धोक्याचे नेमके माप अद्याप ठरायचे आहे. मात्र तिथेही गोलरक्षक सुरक्षित आणि मैदानातले खेळाडू धोक्यात, हे चित्र कायम राहिले. हे सारे अभ्यास व्यावसायिक पुरुष खेळाडूंचे आहेत. रविवारी हौसेने खेळणाऱ्याला तेवढाच धोका आहे, असे त्यांतून म्हणता येत नाही. स्त्रियांबाबत तर दीर्घकालीन माहिती फारच अपुरी आहे.

आकडेवारीत चेहरे हरवतात, म्हणून एक संघ आठवावा. १९६६ मध्ये वेम्बलीवर विश्वचषक जिंकणारा इंग्लंडचा. त्या ११ जणांपैकी रे विल्सन, मार्टिन पीटर्स, जॅक चार्ल्टन, नॉबी स्टाइल्स आणि बॉबी चार्ल्टन या पाच जणांना पुढे स्मृतिभ्रंशाने ग्रासले. वार्धक्यात हा आजार अनेकांना होतो आणि एका संघावरून शास्त्रीय निष्कर्ष काढता येत नाही. तरीही ज्या विजयाचा देशाला अभिमान, तो मिळवून देणाऱ्यांपैकीच इतक्या जणांच्या स्मृतीतून तो पुसला जावा, याने इंग्लंडला धक्का बसला. जे काम कॉरोनरच्या दोन शब्दांनी झाले नव्हते, ते संशोधनाने आणि या मृत्यूंनी मिळून केले.

बदल आले, ते उशिरा पण अर्थपूर्ण आहेत. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्येच दहा वर्षे व त्याखालील मुलांसाठी हेडर बंद केले होते. २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांनी अकरा वर्षे व त्याखालील मुलांच्या सरावातून हेडर काढून टाकले. इंग्लंडने २०२४-२५च्या हंगामापासून या वयोगटाच्या सामन्यांतूनही मुद्दाम मारलेला हेडर टप्प्याटप्प्याने हद्दपार करायला सुरुवात केली. इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूंसाठी सरावात आठवड्याला जास्तीत जास्त दहा जोरकस हेडर, अशी शिफारस २०२१ मध्ये करण्यात आली. स्कॉटलंडने २०२२ मध्ये सामन्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी सरावात हेडर नकोत, असा दंडक घातला. डोक्याला मार लागल्याचा संशय असलेल्या खेळाडूऐवजी जादा बदली खेळाडू देण्याची मुभा २०२४ पासून फुटबॉलच्या नियमांतच आली आहे. क्रिकेटने हा नियम २०१९ मध्येच स्वीकारला होता. यातल्या कोणत्याही बदलाने फुटबॉल बुडालेला नाही.

हा विषय साता समुद्रापलीकडचा नाही. कोल्हापुरात तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठा ओस पडतात. गोव्यात गावोगावच्या मैदानांवर पिढ्यान् पिढ्या फुटबॉल खेळला जातो. मुंबई-पुण्यात शाळेनंतर फुटबॉल अकादमीत जाणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढती आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते, मानेचे स्नायू कच्चे असतात आणि मेंदू अजून घडत असतो. या वयात रांगेत उभे करून एकामागून एक हेडर मारायला लावणाऱ्या सरावाने खेळात काय कमावले जाते? चेंडूवर ताबा, पास, धावण्याच्या जागा, हे शिकायला तेच वय उत्तम. हेडरचे तंत्र पुढे, बारा-तेरा वर्षांनंतर, हलक्या चेंडूने आणि मोजक्या वेळा शिकवता येते. यासाठी निधी लागत नाही, यंत्रे लागत नाहीत. प्रशिक्षकाने ठरवायचे आणि पालकांनी विचारायचे, एवढेच.

त्याहून तातडीची गोष्ट सामन्यातल्या दुखापतीची. दोन डोकी आपटली, मुलगा क्षणभर गोंधळला, पाणी मारले आणि 'काही नाही, खेळ' म्हणून पुन्हा आत पाठवले, हे दृश्य आपल्या मैदानांवर नवे नाही. मेंदूला धक्का बसल्याचा संशय आला तर खेळाडूने त्या दिवशी पुन्हा खेळू नये, हा आता जगभर मान्य झालेला नियम आहे. सावरत असलेल्या मेंदूला दुसरा धक्का बसला तर तो, विशेषतः कोवळ्या वयात, जिवावरही बेतू शकतो. असा धक्का सीटी स्कॅनमध्ये बहुधा दिसतही नाही. म्हणून स्कॅन स्वच्छ आला की सगळे ठीक, असे धरून चालता येत नाही. डोकेदुखी वाढत जाणे, पुन्हा पुन्हा उलटी, सुस्ती किंवा जागे न होणे, झटका, हातपाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे, दोन बाहुल्यांचा आकार वेगळा दिसणे यांपैकी काहीही आढळल्यास तडक रुग्णालय गाठावे. एरवीही विश्रांतीनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने, पायरीपायरीने खेळाकडे परतावे. ज्याला मार लागला त्या खेळाडूला 'खेळशील का' असे विचारण्यात अर्थ नसतो. तो होच म्हणणार. निर्णय बाकावरच्या शहाण्या माणसाने घ्यायचा असतो.

धोका शंभर टक्के सिद्ध करा, मग बघू, असे तंबाखूच्या कंपन्या म्हणाल्या, ॲस्बेस्टॉसचे कारखानदार म्हणाले, अमेरिकी फुटबॉल लीगही दीर्घकाळ म्हणत राहिली. प्रत्येक वेळी सिद्धतेची वाट पाहण्याची किंमत काम करणाऱ्याने मोजली. विज्ञानात शंका घेणे हा गुण आहे. पण सावध होण्यासाठी लागणारा पुरावा आणि शेवटचा शब्द लिहिण्यासाठी लागणारा पुरावा यांत फरक असतो. डोक्याने मारायच्या चेंडूबाबत पहिल्या प्रकारचा पुरावा हातात आहे. खेळ बंद करा, असे तो सांगत नाही. लहान मुलांना हेडरपासून दूर ठेवा, मोठ्यांच्या सरावात तो कमी करा, मार लागलेल्याला बाहेर काढा आणि निवृत्त खेळाडूच्या विस्मरणाला म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नका, एवढेच तो सांगतो.

ॲस्टल यांच्या मृत्यूच्या नोंदीत दोन शब्द लिहिले गेले त्याला दोन दशकांहून अधिक काळ लोटला. ते शब्द त्या वेळी गांभीर्याने वाचले असते, तर मधल्या काळातल्या मुलांच्या वाट्याला कमी धक्के आले असते. आपल्याकडे व्यावसायिक फुटबॉल अजून वाढीच्या वाटेवर आहे. इतरांनी मोजलेली किंमत पुन्हा मोजण्याची सक्ती आपल्यावर नाही. येत्या रविवारी सकाळी मैदानावर मुलांना सोडायला जाणाऱ्या आईवडिलांनी प्रशिक्षकाला एवढेच विचारावे : इथे कोणत्या वयापासून आणि किती हेडर मारायला लावता? उत्तर तयार नसेल, तर ते तयार करायला तिथूनच सुरुवात होईल.